बुजवलेलं नाव

लेखकाच्या वहीत दोनशे अनवट नावं होती, प्रत्येकापुढे अर्थ. कथेत पात्र मारलं की तो त्याचं नाव काळ्या शाईने बुजवायचा. त्याचं त्याला काडीचं सुखदुःख नसे.

"सगळ्या पोरी मारायलाच जन्माला घाल," आठवा महिना लागलेली बायको करवादली. "आपल्या बाळासाठी एखादं नाव शिल्लक ठेवशील का नाही?"

"तूच निवड की."

"निवडलंय. हाक मारली की लाथ मारतं." पोटावर हात ठेवून तिने नाव घेतलं.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. कथेत विहिरीत ढकललेल्या पोरीचं ते नाव त्याने सकाळीच बुजवलं होतं. वही तर कायम कुलपात असे.

"कुणी सांगितलं तुला?"

"हिनेच. बघ ना हात लावून."

पोट विहिरीच्या पाण्यासारखं गार होतं. आतून लाथ बसली.