शब्दसूचीचा पत्ता

“मेलेल्या माणसाच्या दारात रोज चाळीस हजार जणांना उभं करताय,” वकीलबाई बैठकीत म्हणाली. “थोडी तरी लाज बाळगा.”

वकीलबाई खरं तर प्रोग्रामर होती, पण एकदा मुद्दा धरला की समोरचा हात टेकेपर्यंत सोडायची नाही, म्हणून हे नाव. हा मुद्दा तर तिने चार महिने धरून ठेवला होता.

त्यांचं समाजमाध्यम कुठल्याच कंपनीच्या मालकीचं नव्हतं. हजारो छोटे सर्व्हर होते, कुणाच्या घरात, कुणाच्या शाळेत, आणि ते सगळे एकमेकांशी बोलायचे. बोलायचं तर शब्दांचा अर्थ सगळ्यांना एकच हवा. ‘उत्तर’ कशाला म्हणायचं, ‘मित्र’ कुणाला म्हणायचं, याची एक सूची होती आणि प्रत्येक निरोपाच्या माथ्यावर त्या सूचीचा पत्ता असायचा. निरोप आला की सर्व्हर त्या पत्त्यावर जायचा, अर्थ विचारायचा आणि मगच निरोप वाचायचा. सूची केली होती पंतोजीने. त्यांच्यातलाच एक, उठता-बसता सगळ्यांच्या चुका काढणारा. ती त्याच्या घरातल्या कॉम्प्युटरवर होती. दोन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि पंतोजी गेला. कॉम्प्युटर चालू राहिला. घरी आता एकटे वडील होते.

“पत्ता दिलाय तर तिथे जाऊनच विचारायचं,” काटेकोर म्हणाला. तो नियम लिहायचा आणि नियमापुढे त्याला कुणी सख्खं नव्हतं. “प्रत्येकाने आपल्याकडे नक्कल ठेवली, तर उद्या प्रत्येकाचा अर्थ वेगळा होईल. आणि हा नियम काही माझा नाही. पंतोजीचाच आहे.”

“पंतोजी होता तेव्हा ठीक होतं. आता तिथे एक म्हातारा माणूस तुमच्यासाठी रात्रंदिवस मशीन सांभाळतोय. पुरे करा ना. त्यांना सोडवा.”

तिचा आवाज फाटला. नक्कल ठेवायची की नाही, याच मुद्द्यावर ती पंतोजीशी पाच वर्षं भांडली होती. रोज फोनवर, तास तास. भांडता भांडता तिचा त्याच्यावर जीव जडला होता आणि ते तिने त्याला कधीच सांगितलं नव्हतं. तो गेल्यावर त्या घरात पाऊल टाकायचा तिला धीर झाला नाही. जाऊ जाऊ म्हणत राहून गेलं, आणि मग कोणत्या तोंडाने जायचं, असं झालं. निदान त्या घरावरचं एक ओझं तरी आपल्या हातून उतरावं, एवढंच तिला हवं होतं.

मतं घेतली. ती जिंकली. काटेकोरनेही शेवटी हात वर केला. सोमवारी नवी आवृत्ती निघाली आणि प्रत्येक सर्व्हर सूचीची नक्कल स्वतःजवळ ठेवू लागला.

शुक्रवारी दुपारी ती पंतोजीच्या घरी गेली. ‘काका, आता मशीन बंद करा, विश्रांती घ्या,’ एवढं एक वाक्य तिने वाटेत घोकलं होतं.

“नमस्कार काका,” ती दारातून म्हणाली.

“तू ती भांडणारी ना?” वडील म्हणाले. “आवाजावरून ओळखलं. दार लावून, फोन स्पीकरवर टाकून तो बसला तरी तुमचं भांडण मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. ये, आत ये. अगदी वेळेवर आलीस.”

त्यांनी तिला पंतोजीच्या खोलीत नेलं. टेबलावर मशीनचा पंखा घरघरत होता. पुढे खुर्ची, खुर्चीवर दुमडलेली चादर. जमिनीवर जुनी वायर गुंडाळून ठेवलेली होती आणि भिंतीपासून नवीकोरी वायर आली होती. कॉम्प्युटरचा पडदा काळा होता. त्यावर काहीच नव्हतं.

“जरा बघ गं, काय बिघडलंय ते. तो होता तेव्हा इथे सारख्या ओळी पळायच्या. एक ओळ म्हणजे एक जण. मला म्हणायचा, बाबा, हे सगळे मला अर्थ विचारायला येतात. तो गेला तरी येत राहिले बिचारे. मी सकाळी चहा घेऊन इथेच बसतो. आता नावं पाठ झालीत माझी. शिक्षक कट्टावाले आठच्या ठोक्याला. मांजरवेडे तर मिनिटात तीनदा, विसरभोळे असतील.” ते हसले. मग खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. “सोमवारी गर्दी ओसरली. कालपासून एकही नाही. वायर बदलली, दुकानातला माणूस बोलावला. तो म्हणतो, मशीन ठणठणीत आहे. मग माझंच काही चुकलं का गं? दोन वर्षं मी याला एकदाही बंद पडू दिलं नाही.”

आपण या माणसाचं काय नेलं, ते तिला कळलं. वडील खुर्चीत बसले. तिने त्यांच्या पाठीमागे हळूच फोन काढला. सूचीचा पत्ता तोंडपाठ होता. तो टाइप केला आणि बटण दाबलं.

काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली.

“आला! एक आला!” वडिलांनी घाईने चष्मा चढवला. ओळीवर बोट ठेवून त्यांनी ती पुन्हा पुन्हा वाचली.

“पण हा कुणी नवा दिसतोय,” ते म्हणाले. “दोन वर्षांत इथे एकदाही आला नव्हता.”