रात्री चालणाऱ्या वस्तू

“रात्रभर गाडीत काय काय चालणार ते सांगा. त्यावरच बॅटरी ठरते,” दुकानदार म्हणाला.

घरगाडीच्या जुन्या बॅटऱ्या फुगून बाद झाल्या होत्या आणि परवा तर निघायचं होतं. चांगले दोन महिने स्पितीच्या डोंगरात, जिथे ना फोन लागतो ना माणूस दिसतो. अच्युतरावांनी खिशातून यादी काढली. सगळी नोकरी नकाशे आखण्यात गेलेली. यादीशिवाय ते भाजीलाही जात नसत.

“एक पंखा, दोन दिवे, छोटा फ्रिज,” त्यांनी वाचलं आणि यादी काउंटरवर ठेवली.

“मग शंभर अँपिअरची एकच रग्गड झाली.”

कुमुदताई नवऱ्याकडे बघत राहिल्या. झोपेत कुमुदताईंचा श्वास अडकायचा. मशीन लावल्याशिवाय झोपायचंच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चार वर्षं रोज रात्री ते मशीन अच्युतरावच सुरू करून देत.

“अहो, माझं मशीन राहिलं की!”

“अरेच्चा! विसरलोच बघ,” ते हसून म्हणाले.

“मग मोठी दाखवतो, या,” म्हणत दुकानदार आत गेला. पाठोपाठ अच्युतरावही गेले.

यादी मागे राहिली, म्हणून कुमुदताईंनी ती उचलली. पहिल्याच ओळीत त्यांचं मशीन लिहिलेलं होतं.

त्यावर रेघ मारली होती. पट्टी लावून, अगदी सरळ.