कुवाबारासानचे आकडे

चाचणी हिरवी होती, आणि तेच हायामाला सहन होत नव्हतं. तीन बंदरांवरच्या शीतगृहांत नव्वद टन बांगडा नासला होता. तिच्या कंपनीच्या यंत्रांनी तापमान चढत असल्याचा निरोप वेळेवर पाठवला होता, पण तो रांगेतच गळून पडला. यंत्रांतल्या कर्नलच्या, म्हणजे मूळ प्रणालीच्या, नव्या आवृत्तीत निरोपांच्या रांगेची मर्यादा ४०९६ वरून १२८ वर आली होती. चाचणी मात्र छातीठोकपणे सांगत होती, सगळं ठीक. चूक कुणाची, ते सोमवारपर्यंत लिहून द्यायचं होतं. कर्नल पुरवणाऱ्या चिपवाल्यांवर ढकललं की सुटका होती.

पण खरं काय ते तिला ठाऊक होतं. पूर्वी कुवाबारासान प्रत्येक चाचणीत अपेक्षित आकडा स्वतः लिहीत. नवी आवृत्ती आली की चाळीसेक चाचण्या लाल व्हायच्या आणि ते एकेक घेऊन बसायचे. हा का बदलला? कुणी बदलला? मुद्दाम की चुकून? यात दोन-दोन आठवडे जायचे. हायामा विभागप्रमुख झाली आणि तिने एका दुपारात ही कटकट संपवली. चाचणीनं आकडा चालू कर्नललाच विचारून घ्यायचा. वरच्यांनी पाठ थोपटली. कुवाबारासानना काम उरलं नाही.

"हायामासान," नोकरी सोडतानाच्या निरोपसमारंभात बिअरचा ग्लास खाली ठेवत ते म्हणाले होते, "ज्याची परीक्षा घ्यायची, त्यालाच उत्तर विचारायचं नसतं हो."

सगळे हसले. तीही हसली.

महिन्याभरात त्यांची मेल आली. विषय, 'बदललेले आकडे'. म्हातारा अजून रुसलाय, असं म्हणत तिने त्यांच्या मेल परस्पर वेगळ्या कप्प्यात जातील अशी सोय करून टाकली. आज अडीच वर्षांनी तिने तो कप्पा उघडला. आत एकतीस मेल होत्या, दर आवृत्तीला एक. घरच्या संगणकावर आवृत्ती उतरवून ते आकडे ताडून पाहत होते. शेवटची मेल मासे नासण्याच्या तीन आठवडे आधीची होती. 'रांगेची मर्यादा १२८ झाली आहे. चुकून झाली असावी. कृपया पाहावे.'

तिला स्वतःची लाज वाटली. तिने त्यांच्या घरी फोन लावला. त्यांच्या पत्नीनं उचलला.

"ते अंघोळीला गेलेत. कोण बोलतंय?"

"मी हायामा, ऑफिसातली. त्यांच्या मेलबद्दल बोलायचं होतं."

"अगबाई, मिळाल्या का तुम्हाला?" बाई हरखूनच गेल्या. "मी रोज डोकं फोडते, तिकडे कुणी ढुंकून बघत नाही, कशाला जीव आटवता? तर म्हणतात, पत्ता बदलला असणार. हायामासानना मेल मिळाली आणि त्या गप्प बसल्या, असं व्हायचंच नाही."