बाबांची कॅसेट

थोरल्याने बाबांच्या बंद व्हीसीआरच्या खोक्यात भंगारातले सुटे भाग कोंबून टीव्हीसाठी स्वस्तातला कॉम्प्युटर जोडला. आतला पंखा बहिणीच्या हेअर ड्रायरचा होता, हे तिला अजून सांगायचं होतं. बाबा गेल्यापासून आई या खोलीत बसत नसे. त्यांनी घरच्यांचं शूटिंग केलेली, उरलेली एकमेव कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून मिळाली, म्हणून आज येऊन बसली. त्याने बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा काळाकुट्टच राहिला. "माझा ड्रायर मात्र चालतोय," बहीण म्हणाली. त्याने वायरी उपसल्या, खोचल्या, शेवटी खोक्याला हात जोडले. "राहू दे, काही बिघडलेलं नाही," आई म्हणाली. "कॅमेऱ्याचं झाकण काढायचं तुझ्या बाबांना कधीच सुचलं नाही. आवाज वाढव." त्याने वाढवला. काळोखातून बाबा म्हणाले, "वा, काय दिसताय सगळे! हलू नका, आता हसा." काळ्या पडद्यासमोर तिघंही न हलता हसली.