दुहेरीची जोडी

चाळिशीला टेकलेल्या ताईंनी महिला दुहेरीसाठी एकोणीस वर्षांची नवी जोडीदार घेतली, तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की पोरीला सांभाळून घ्यायचं. अंतिम सामन्यात गुडघ्याला पट्टा बांधून ताई जाळ्यापाशी खांबासारख्या उभ्या राहिल्या आणि डोक्यावरून जाणाऱ्या प्रत्येक चेंडूला "तुझा!" म्हणून ओरडत राहिल्या. मागे पोर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावून घामाघूम झाली, पण अडीच तासांनी चषक दोघींच्या हातात होता.

पत्रकारांसमोर ताईंनी मायेनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "पोर गुणी आहे हो. जरा आत्मविश्वास कमी होता, तेवढा मी दिला."

एका पत्रकारानं पोरीला विचारलं, "इतक्या खेळाडू असताना जोडीला ताईच का?" त्यावर तिनं अगदी भाबडेपणानं जे उत्तर दिलं, ते ताई आता स्वतःच भेटेल त्याला हसत हसत सांगतात.



"आमचे सर म्हणाले, वर्षभर ताईंबरोबर दुहेरी खेळ, म्हणजे एकेरीचा वेगळा सराव करायला नको!"