दुसरं टोक
रविवारी अप्पा लातुरात, मी नांदेडला, असा आमचा मोबाईलवरचा खेळ रंगला होता. अप्पांनी स्वतः रचलेल्या, सगळ्यांना खुल्या लेव्हलमध्ये गंजगोलाईचा बाजार होता आणि दोघांनी दोन टोकं धरल्याशिवाय न हलणारं तुरीचं पोतं. बैल, रिक्षा, हातगाडे चुकवताना ते सारखं निसटत होतं. “असल्या हमालाला आडतीवर कुणी चहाबी पाजणार न्हाई गं!” अप्पा हसत ओरडले. “ऱ्हाऊ दे. उद्या नेऊ.” पहाटे अप्पांचं हृदय थांबलं. कळवण्याचे फोन भावानं केले. माझ्या तोंडून ते वाक्य निघालंच नाही. आज ती लेव्हल उघडली. पोत्याचं एक टोक धरून मी उभी राहिले. तेवढ्यात एक अनोळखी खेळाडू आली, तिनं दुसरं टोक धरलं. हेडफोनमध्ये आवाज आला, “चला की, कुणाची वाट बघून राहिलात?” मी माइक सुरू केला. “माझे अप्पा वारले.”