तहान न लागलेल्या बायका

हरितालिकेच्या सकाळी सुनंदावहिनी ऋजुतासमोर येऊन बसल्या. ऋजुता वर्तमानपत्रात आरोग्याचं सदर लिहायची.

"मूत्रपिंडाच्या गोळ्या चालू असताना निर्जळी उपास चालतो ना गं? डॉक्टर चालेल म्हणाले."

ऋजुताने शोधनिबंध उघडले. एकाला दुसऱ्याचा आधार, दुसऱ्याला तिसऱ्याचा, आणि सगळ्यांवर विश्वासार्हतेचा हिरवा शिक्का. शेवटी मूळ प्रयोग सापडला. दहा हजार बायकांनी दिवसभर पाणी सोडलं होतं, त्रास एकीलाही झाला नव्हता.

"बघ!" वहिनी हसल्या.

"वहिनी, या बायका खऱ्या नाहीत, संगणकाने रचल्यात. खऱ्या माणसांवर प्रयोग करणं कधीच बंद झालं. यांतल्या एकीलाही कधी तहान लागलेली नाही. डॉक्टरही हेच वाचतात."

"मग खरं कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही." ऋजुताने पाण्याचा पेला पुढे केला. "घोटभर तरी घ्या. देवी रागावणार नाही."

"हे तरी कुठे लिहिलंय?" वहिनींनी पेला हळूच बाजूला सरकवला. "मग आता माझंच लिही. मी तर खरी आहे ना?"

वाळूची पिंड करायला त्या उठल्या. पावलं सुजली होती. ऋजुताने कोरं पान उघडलं आणि वर वहिनींचं नाव लिहिलं.